सनद, कौल आणि चाचेगिरी : आपल्या दोन किनाऱ्यांच्या इतिहासातील एक प्रश्न

देवगावच्या तहाचा उल्लेख आपल्या भागात बहुधा वर्धा नदीच्या संदर्भात होतो. १७ डिसेंबर १८०३ रोजी झालेल्या या तहान्वये नागपूरकर दुसरे रघूजी भोसले यांस वर्धेच्या पश्चिमेकडील मुलूख सोडावा लागला आणि नदी ही त्यांच्या राज्याची सीमा बनली. त्याच तहातील आणखी एका कलमाकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. त्या कलमाने कटक प्रांत, बालासोर बंदरासह, इंग्रज कंपनीच्या हवाली झाला. १७५१ पासून बावन्न वर्षे ओडिशाचा किनारा नागपूरकरांकडे होता. म्हणजे आज वर्धा जिल्हा म्हणून ओळखला जाणारा (आणि १८६२ साली स्वतंत्र जिल्हा झालेला) हा मुलूख व बंगालच्या उपसागराचा तो किनारा या काळात एकाच सत्तेखाली नांदत होते. मराठ्यांचा समुद्र म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर केवळ कोकण उभे राहते. परंतु मराठी सत्तेला समुद्र दोन होते, आणि दोहोंच्याही इतिहासात एक प्रश्न सारखाच गुंतलेला आहे. भर समुद्रात दुसऱ्याचे जहाज पकडणारा माणूस चाचा केव्हा ठरतो आणि योद्धा केव्हा ठरतो, हा तो प्रश्न होय.

या प्रश्नाची चर्चा मराठीत करताना पहिली अडचण शब्दाची येते. इंग्रजीत ज्यास ‘प्रायव्हेटियर’ म्हणतात त्यास आपल्याकडे रूढ प्रतिशब्द नाही. कोणी ‘परवानाधारक चाचा’ असे म्हणतात. पण ज्याच्याजवळ राजाचा परवाना आहे तो त्या राजाच्या दृष्टीने चाचा नव्हेच, म्हणून हा शब्द स्वतःचेच खंडन करतो. प्रस्तुत लेखात ‘सनदी गलबत’ आणि ‘सनदी लूट’ हे शब्द योजले आहेत. शब्द नसणे हे येथे केवळ भाषेचे दारिद्र्य नव्हे. तो व्यवहारच आपल्या समुद्रात त्या स्वरूपात नव्हता, हे पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

युरोपातील पद्धत थोडक्यात अशी होती. युद्ध सुरू झाले म्हणजे राजा खासगी जहाजमालकास लेखी सनद देई, आणि तिच्या आधारे त्याने शत्रूच्या प्रजेची व्यापारी जहाजे पकडावीत. जहाज, तोफा, दारूगोळा, खलाश्यांचे अन्न हा सर्व खर्च मालकाचा; सरकारच्या तिजोरीतून कवडीही जात नसे. सनदेच्या मर्यादा पाळू, मित्रराष्ट्राच्या जहाजास हात लावणार नाही, असा जामीनकतबा मालकास लिहून द्यावा लागे. पकडलेले जहाज परस्पर विकून खाता येत नसे. ते बंदरात आणून नौन्यायालयापुढे उभे करावयाचे, कागदपत्रे दाखवावयाची, आणि न्यायालयाने पकड योग्य ठरविल्यावर लिलावाची रक्कम मालक, कप्तान व खलाशी यांत वाटून घ्यावयाची. इंग्लंडात तिसऱ्या हेन्रीने अशा सनदा १२४३ सालीच दिल्या होत्या. आणि १७०८ च्या कायद्याने तर इंग्रज सरकारने लुटीतील आपला वाटाही पकडणाऱ्यांच्या पदरात टाकला. लढाईचा खर्च दुसऱ्याने करावा, तोटा शत्रूचा व्हावा आणि आपल्याला काहीच द्यावे लागू नये, अशी ही स्वस्त व्यवस्था होती.

या व्यवस्थेचा सगळा भार एका कागदावर होता. कागद असला तर पकडला गेलेला कप्तान युद्धकैदी. नसला तर फाशीचा धनी. पण कागदाला वजन येते ते तो देणाऱ्याच्या हातामुळे. ज्या हाताला प्रतिपक्ष राजसत्ता म्हणून मानीतच नाही, त्या हाताने दिलेली सनद त्याच्या लेखी कोऱ्या कागदाहून अधिक नसते. आपल्या किनाऱ्यावरील शंभर-दीडशे वर्षांचे भांडण मुळात याच मुद्द्यावरचे आहे. शौर्याच्या आणि क्रौर्याच्या कथा हा त्याचा बाहेरचा भाग होय.

आपल्या समुद्रात निराळी रीत पोर्तुगीजांनी आणली. सोळाव्या शतकाच्या आरंभापासून त्यांनी ‘कार्ताझ’ नावाचा परवाना प्रत्येक देशी जहाजावर लादला. जहाज कोठून कोठे जाणार, त्यात कोणता माल आहे, शस्त्रे किती आहेत हे त्यात लिहिलेले असे. तो नसला तर जहाज मालासह जप्त होई. त्यासाठी युद्ध पुकारलेले असण्याची आवश्यकता नव्हती. दिल्लीच्या बादशहांची मक्केला जाणारी जहाजेही हा परवाना घेत. युरोपात परवाना शिकाऱ्याजवळ असे. आपल्या समुद्रात तो सावजाजवळ असावा लागे, एवढा हा फरक आहे. समुद्रावर आपला हक्क आहे असे म्हणणाऱ्या प्रत्येक सत्तेने पुढे हीच रीत उचलली. इंग्रजांनी आपले पास काढले, जंजिऱ्याच्या सिद्दीचा दरारा होताच, आणि १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी जे आरमार उभारले त्याच्या मागोमाग मराठ्यांचा कौलही समुद्रावर आला.

मराठ्यांच्या या कौलामागे विचार काय होता, हे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील आरमाराच्या प्रकरणावरून स्पष्ट होते. किल्ल्यांच्या आणि वतनांच्या प्रकरणांइतके हे प्रकरण वाचले जात नाही. अमात्यांचा पहिला आग्रह असा की, आरमाराचा खर्च बंदरांच्या उत्पन्नावर टाकू नये, त्यास मुलखाचा वसूल नेमून द्यावा. अन्यथा आरमारवाले पैशासाठी सावकारांस उपद्रव देतील आणि बंदरे ओस पडतील. कौल असलेल्या व्यापाऱ्यास मुळीच त्रास होता कामा नये. कौल नसलेले परमुलखीचे तरांडे दिसले तरी त्यावर एकदम तुटून न पडता त्यास जवळ बोलवावे, अभय द्यावे, आपल्या बंदराशी त्याचा व्यवहार जोडावा. शत्रूच्या सावकाराचे जहाज सापडलेच, तर ते बंदरात आणून माल जसाच्या तसा ठेवावा, हुजुरास लिहावे आणि जशी आज्ञा येईल तसे करावे. हे शेवटचे कलम महत्त्वाचे आहे. पकड आणि मालकी यांच्यामध्ये येथे एक निवाडा घातलेला आहे. लंडनच्या नौन्यायालयाचे काम येथे हुजुराकडे सोपविले आहे. सरदारास वा खलाश्यास लुटीत हक्काचा वाटा असल्याचे अमात्य म्हणत नाहीत. म्हणजे सनदी लुटीचा जो गाभा, खासगी नफ्यासाठी युद्ध, तोच येथे नाकारलेला आहे.

आज्ञापत्र हा उपदेशाचा ग्रंथ आहे, हिशेबाची वही नव्हे, हे विसरून चालणार नाही. तथापि ज्या काळात तो लिहिला गेला त्याच काळात इंग्रजांकडे काय चालले होते तेही पाहिले पाहिजे. सर जॉन चाइल्ड याच्या कारकिर्दीत कंपनीने औरंगजेबाशी युद्ध मांडून मोगल प्रजेची जहाजे पकडली. त्याचे फळ म्हणून सिद्दी याकूतखान १६८९ मध्ये मुंबई बेटावर उतरला आणि १६९० च्या जूनपर्यंत हलला नाही. व्यापारी कंपनीने बादशहाविरुद्ध युद्ध पुकारून सावकारांची जहाजे धरणे यास इंग्रजी ग्रंथांत ‘चाइल्डचे युद्ध’ म्हणतात. चाचेगिरी म्हणत नाहीत, कारण कंपनीजवळ इंग्लंडच्या राजाची सनद होती. औरंगजेबाने ती दिली नव्हती.

पाच वर्षांनी, १६९५ च्या सप्टेंबरात, हेन्री एव्हरी या इंग्रजाने मक्केहून सुरतेस परतणारे ‘गंज-इ-सवाई’ हे बादशाही जहाज लुटले. एव्हरी स्वतः उघड चाचा होता. पण त्याच्या जोडीने त्या मोहिमेत आलेला टॉमस ट्यू न्यूयॉर्कच्या इंग्रज गव्हर्नराची सनद घेऊन निघालेला होता. सनद फ्रेंचांविरुद्ध होती आणि तिचा उपयोग हाजींच्या जहाजांवर झाला. सुरतेच्या इंग्रज वखारवाल्यांस कैद झाली, व्यापार बंद पडला, आणि यात्रेच्या जहाजांस संरक्षण देण्याचे कंपनीला कबूल करावे लागले.

त्याहून बोधप्रद प्रकरण विल्यम किड याचे आहे. १६९६ मध्ये त्यास इंग्लंडच्या राजाकडून दोन अधिकारपत्रे मिळाली : एक चाच्यांना पकडण्याचे, दुसरे फ्रेंच जहाजे पकडण्याचे. त्याच्या मोहिमेत इंग्लंडातील बड्या अमीरांचे भांडवल गुंतलेले होते. १६९७ मध्ये तो पश्चिम किनाऱ्यावर आला, आणि ३० जानेवारी १६९८ रोजी मलबारच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर त्याने ‘केदा मर्चंट’ हे आर्मेनियन व्यापाऱ्यांचा माल नेणारे जहाज धरले. त्या जहाजाजवळ फ्रेंचांचा पास होता, आणि म्हणून पकड कायदेशीर आहे असे किडचे म्हणणे. पण बादशहाच्या दरबारातील मोठ्या माणसांचा माल त्यावर होता. कंपनीस पुन्हा सुरतेचा प्रसंग नको होता. आणि लंडनमध्ये राजकारण फिरले होते. खटल्याच्या वेळी ते फ्रेंच पास सापडेनात. २३ मे १७०१ रोजी किड फासावर गेला. ते पास विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या सरकारी दफ्तरात सापडले. किड निर्दोष होता असे यावरून सिद्ध होत नाही, त्याच्यावर आपल्याच तोफवाल्याच्या खुनाचाही आरोप शाबीत झाला होता. परंतु कागद कोणाच्या कपाटात आहे यावर माणूस योद्धा की चाचा हे कसे ठरते, याचे याहून उघड उदाहरण मिळणे कठीण.

या पार्श्वभूमीवर कान्होजी आंग्रे यांचा विचार केला पाहिजे. १६९८ च्या सुमारास सिधोजी गुजराच्या मागे आरमाराची सूत्रे कान्होजींच्या हाती आली. मोगलांशी चाललेल्या युद्धात छत्रपतींचे राज्य जिंजीपर्यंत ओढले गेले असता कोकणचा किनारा त्यांनी राखला. १७०४ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी त्यांस कळविले की, मुंबईच्या दर्यात जहाजांची झडती घेण्याचा वा ती अडविण्याचा तुम्हांस अधिकार नाही. कान्होजींचे उत्तर असे गेले की, आम्ही केलेले उपकार इंग्रजांनी स्मरले नाहीत व वचन मोडले. यापुढे त्यांची गलबते जेथे मिळतील तेथे धरू. इंग्रज लेखकांनी हे उत्तर चाच्याच्या उद्दामपणाचा नमुना म्हणून दिले आहे. वास्तविक त्यात वचनभंगाची तक्रार आहे आणि युद्धाची सूचना आहे. चाचा सूचना देत बसत नाही.

१७१२ मध्ये मुंबईच्या गव्हर्नराची सशस्त्र नौका आणि तिच्यासोबतचे जहाज कान्होजींनी पकडले. कारवारच्या वखारीचा प्रमुख त्या लढाईत मारला गेला. त्याची तरुण पत्नी कैद झाली आणि तीस हजार रुपये घेऊन सोडण्यात आली. इंग्रजी ग्रंथांत या स्त्रीच्या दुर्दैवाचे वर्णन विस्ताराने येते, आणि ते योग्यही आहे. दंड घेऊन कैदी सोडणे हे त्या काळी सर्वमान्य असले तरी त्या बाईस त्याचे समाधान काय असणार? पण याच प्रसंगातून १७१३ च्या आरंभी जो करार झाला त्याच्या अटींकडे मात्र तितके लक्ष दिले गेलेले नाही. कान्होजींनी कबूल केले की इंग्रजांच्या जहाजांस उपद्रव देणार नाही. इंग्रजांनी कबूल केले की, आपल्या लोकांच्या मालकीच्या जहाजांखेरीज इतर कोणत्याही जहाजावर इंग्रजी निशाण लावू देणार नाही.

पुढच्या सर्व लढायांचे मूळ या दुसऱ्या अटीत आहे. कंपनीचे अधिकारी स्वतःचा खासगी व्यापार करीत. मुंबई व सुरतेचे देशी सावकार इंग्रजी पास घेऊन आपला माल पाठवीत. अशा शिबाडावर इंग्रजी निशाण फडकले की ते इंग्रजी झाले, असे मुंबईचे म्हणणे. कान्होजींचे म्हणणे असे की, करार कंपनीच्या जहाजांपुरता आहे. आमच्या किनाऱ्याने जाणाऱ्या देशी सावकाराने आमचे दस्तक घेतलेच पाहिजे, मग निशाण कोणतेही असो. इंग्रजांनी कान्होजींचा दस्तक मानला असता तर प्रत्येक गलबतामागे त्यांस उत्पन्न द्यावे लागले असते आणि मुंबईच्या पासाची किंमत उतरली असती. न मानण्याला सोयीचे नाव हवे होते. दस्तक देणारा राजाचा अधिकारी नव्हे, चाचा आहे, असे एकदा म्हटले की दस्तकाचा प्रश्नच उरत नाही.

हे नाव देताना कान्होजींचे राजकीय स्थान इंग्रजांस ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. १७१३ मध्येच बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने कान्होजी ताराबाईंचा पक्ष सोडून शाहू महाराजांकडे आले. सरखेली कायम झाली आणि किनाऱ्यावरचे किल्ले त्यांच्याकडे नेमून देण्यात आले. गव्हर्नर चार्ल्स बून याने १७१७ मध्ये विजयदुर्गावर, १७१८ मध्ये खांदेरीवर आणि १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्गावर मोहिमा काढल्या, तिन्ही फसल्या. १७२१ च्या अखेरीस इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर चाल केली. तिच्यात कमोडोर मॅथ्यूज याच्या हाताखालील इंग्लंडच्या राजाची लढाऊ जहाजे होती. हा ताफा मुळात मादागास्करच्या गोऱ्या चाच्यांच्या बंदोबस्तासाठी धाडलेला. तो कुलाब्याच्या कोटासमोर येऊन उभा राहिला. पण छत्रपतींची फौज घेऊन बाजीराव पेशवे आंग्र्यांच्या कुमकेस उतरले, आणि पोर्तुगीजांनी १७२२ च्या जानेवारीत परस्पर तह करून अंग काढून घेतले. ज्याच्या रक्षणास राज्याचा मुख्य प्रधान सैन्य घेऊन येतो त्यास चाचा म्हणणे म्हणजे शब्दाचा अर्थच सोडून देणे होय.

१७२४ मध्ये गव्हर्नर फिप्स यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात कान्होजींनी या आरोपाचा थेट समाचार घेतला आहे. लुटीवर राज्य टिकत नाही, असा उपदेश फिप्सने केला होता. त्यास कान्होजींनी दिलेल्या उत्तराचा आशय असा : व्यापारी म्हणविणाऱ्यांसही लोभ सुटलेला नाही, जगाची रीतच ती आहे, शिवाजी महाराजांनी चार पातशाह्यांशी झुंजून राज्य उभे केले, आमच्या सत्तेचा उगम तोच आहे. या उत्तरात त्यांनी आपला अधिकार ज्या परंपरेला जोडला ती परंपराच इंग्रजांस मान्य करावयाची नव्हती.

येथपर्यंतचे विवेचन वाचून काही वाचकांचा अभिमान सुखावेल. म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कान्होजी म्हणजे आधुनिक अर्थाने नौदलप्रमुख, असे चित्र आपल्याकडील काही लेखकांनी रंगविले आहे, ते मला पटत नाही. त्यांच्या आरमाराचा खर्च किनारपट्टीचा वसूल, दस्तकाचे उत्पन्न आणि पकडलेला माल या तिहींवर चाले. आरमार बंदरांच्या उत्पन्नावर टाकू नये, हा अमात्यांचा इशारा होता. प्रत्यक्षात सरंजामी पद्धतीने तेच घडले. पकड योग्य की अयोग्य हे हुजुराने ठरवावयाचे होते. ते कुलाब्यासच ठरू लागले. म्हणजे सनदी लुटीच्या व्यवस्थेचे एक लक्षण, लढाईने आपला खर्च आपणच भागविणे, हे आंग्र्यांच्या आरमारात होते. चाचेगिरीचे मात्र नव्हते. त्यांच्याजवळ अधिकार होता, बंदर होते, करार करण्याची व बहुतांशी पाळण्याची रीत होती. आरमारी सरंजामदार, हे त्यांचे नेमके वर्णन होय. ४ जुलै १७२९ रोजी कान्होजी निवर्तल्यावर मुलांमध्ये फूट पडली, आणि हुजुराचा निवाडा नसल्याचे परिणाम तुळाजीच्या वेळी दिसून आले. तुळाजीने इंग्रजांइतकाच पेशव्यांचाही दस्तक धुडकावला.

तुळाजीचा शेवट येथे आणखी एका कारणासाठी पाहण्यासारखा आहे. नानासाहेब पेशवे व इंग्रज यांचा १७५५ च्या मार्चमध्ये करार झाला, सुवर्णदुर्ग पडला, आणि १७५६ च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसन व क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर मारा करून बंदरातील आंग्र्यांचे आरमार जाळले. निघण्यापूर्वी मुंबईस युद्धमंडळाची बैठक भरली होती, आणि तिच्यात किल्ल्यात सापडणाऱ्या द्रव्याची वाटणी आधीच ठरविण्यात आली. ॲडमिरलास किती, कप्तानास किती, भूदलाच्या सेनापतीस किती, यावर वाद झाला. क्लाइव्हचा वाटा नाविक कप्तानाच्या बरोबरीचा धरला, याचे भूदलाच्या अधिकाऱ्यांस वाईट वाटले. वॉटसनने फरकाची रक्कम स्वतःच्या पदरून देण्याची तयारी दाखविली. किल्ला पडल्यावर सुमारे दहा लाख रुपये या विजेत्यांनी आपसांत वाटून घेतले आणि पेशव्यांच्या, म्हणजे ज्यांचा तो किल्ला व ज्यांचे ते बंडखोर सरदार, त्यांच्या हाती त्यातले काही पडले नाही. या वाटणीला इंग्रजी कायद्यात नाव आहे आणि नियमही आहेत. तुळाजीच्या खलाश्यांनी पकडलेल्या गलबतातील कापड वाटून घेतले तर मात्र ती चोरी.

विजयदुर्गाच्या याच बंदरातून सत्तावीस वर्षांनी घडलेली एक घटना इंग्रजांचा हा दंडक किती लवचिक होता ते दाखविते. ८ एप्रिल १७८३ रोजी पेशव्यांच्या आरमाराचे सुभेदार आनंदराव धुळप यांनी कंपनीचे ‘रेंजर’ हे लढाऊ जहाज निकराच्या झुंजीनंतर पकडले. त्यावर इंग्रज फौजेचे मोठे अधिकारी होते. त्यांपैकी काही ठार, काही जबर जखमी झाले. सालबाईचा तह १७८२ च्या मे महिन्यात ठरून तोवर पुरा झाला होता. तह झाल्यावरची पकड युरोपीय नियमानेही अवैध. मुंबईकरांचा संताप मोठा होता. पण त्यांनी धुळपांवर चाच्यांची मोहीम काढली नाही, पुणे दरबाराकडे रीतसर तक्रार केली. आणि जहाज परत करण्यात आले. किल्ला तोच, दर्या तोच, कृत्यही तेच. फरक एवढाच की पुण्याची सही असलेला तह आता इंग्रजांस हवा होता, आणि म्हणून पुण्याच्या अधिकाऱ्याची कृती ही राज्याची कृती मानणे त्यांस भाग होते.

आता आरंभी सांगितलेल्या पूर्व किनाऱ्याकडे वळतो. तेथे मराठ्यांचे आरमार नव्हते. कटकच्या सुभेदाराचे लक्ष जमीनमहसूल आणि जगन्नाथपुरीच्या यात्रेकरूंवरील कर यांवर असे. नागपूरकरांनी बालासोरहून कोणास समुद्री कौल दिला नाही की कोणाचे जहाज धरले नाही. तरीही खऱ्या अर्थाने सनदी लुटीचे प्रकरण मराठी सत्तेच्या किनाऱ्यासमोर घडले ते येथेच, आणि ते घडविणारा फ्रेंच होता.

हुगळीच्या मुखाशी वाळूचे दांडे फार. वाटाड्यावाचून मोठे जहाज आत जाऊ शकत नाही. म्हणून कलकत्त्यास जाणारी जहाजे बालासोरसमोरच्या उथळ समुद्रात नांगर टाकून वाटाड्याच्या नौकेची वाट पाहत. इंग्रज-फ्रेंच युद्धाच्या काळात हे स्थान शिकाऱ्यांस ठाऊक झाले. सेंट मालोचा रॉबेर सुर्कूफ हा एकवीस वर्षांचा तरुण १७९५ मध्ये मॉरिशसहून निघाला तेव्हा त्यास लुटीची सनद हवी होती. गव्हर्नर मालार्तिक याने ती नाकारून केवळ व्यापाराचा परवाना दिला. सुर्कूफ तरीही बंगालच्या उपसागरात शिरला. त्याने काही जहाजे पकडली, त्यांत तांदळाची होती आणि वाटाड्यांची एक नौकाही होती. मग आपले जहाज सोडून तो या वाटाड्याच्या नौकेवर चढला. २९ जानेवारी १७९६ रोजी बालासोरसमोर ‘ट्रायटन’ हे कंपनीचे मोठे जहाज त्यास दिसले. वाटाड्या येत आहे अशा समजुतीने ट्रायटनवरील लोक निर्धास्त राहिले. अगदी निकट येताच फ्रेंच निशाण वर चढले आणि सुमारे वीस माणसांनी दीडशेच्या आसपास माणसे असलेले ते जहाज हस्तगत केले.

सुर्कूफ लूट घेऊन मॉरिशसला परतला तेव्हा तेथील सरकारने ती सर्व जप्त केली, कारण सनद नव्हती. बेटावर धान्याचा तुटवडा होता आणि तांदूळ मात्र आनंदाने ठेवून घेण्यात आला. सुर्कूफ पॅरिसला गेला, त्याने दाद मागितली, आणि १७९७ मध्ये फ्रान्सच्या विधिमंडळाने त्याच्या पकडी वैध ठरवून त्यास भरपाई देवविली. म्हणजे बालासोरसमोर ज्या क्षणी त्याने ट्रायटनवर उडी घेतली त्या क्षणी कायद्याने तो चाचा होता. दीड वर्षाने, हजारो मैलांवर, त्याचे तेच कृत्य मागील तारखेपासून युद्ध ठरले. कान्होजींच्या पाठीशी सातारा होता, पण सातारची सही लंडनला चालत नव्हती. सुर्कूफच्या हाती काहीच नव्हते, पण पॅरिसची सही नंतर मिळाली तरी चालली. ७ ऑक्टोबर १८०० रोजी त्याने हुगळीच्या मुखाबाहेर चारशेहून अधिक माणसे असलेले ‘केंट’ हे जहाज पकडले, तेव्हा त्याच्याजवळ रीतसर सनद होती.

या सर्व काळात नागपूरकर इंग्रज व फ्रेंच या दोघांशीही युद्धात नव्हते. तटस्थ राज्याच्या किनाऱ्यालगत, तोफेच्या टप्प्यात, लढणाऱ्यांनी एकमेकांची जहाजे धरू नयेत, असा नियम युरोपात तोवर सर्वमान्य होत आला होता. बालासोरसमोरची नांगर टाकण्याची जागा किनाऱ्यापासून बरीच दूर असल्यामुळे त्या नियमाचा आधार येथे मिळाला नसता हे खरे. परंतु समुद्राकडे पाहणारी दोन-चार सशस्त्र गलबतेही ज्या राज्याजवळ नाहीत, त्याच्या तटस्थतेचा प्रश्न निघावा तरी कसा? कोकणात मराठ्यांनी समुद्रावर हक्क सांगितला म्हणून त्यांस चाचे म्हटले गेले. ओडिशात त्यांनी तो सांगितलाच नाही, म्हणून त्यांचे नावही कोणी घेतले नाही.

ओडिशाचा किनारा आपल्या हाती यावा ही कंपनीची इच्छा जुनी होती, कारण बंगाल आणि मद्रास यांच्या मध्ये तोच तेवढा परका होता. १८०३ च्या सप्टेंबरात इंग्रजांची तुकडी समुद्रमार्गे बालासोरला उतरली, ऑक्टोबरात कटक पडले, आणि डिसेंबरात देवगावचा तह झाला. १८१० मध्ये इंग्रजांनी मॉरिशस घेतल्यावर फ्रेंच सनदी गलबतांचा आसराही गेला. पश्चिमेकडे १८१२ च्या तहांनी कोल्हापूरकरांस मालवण आणि सावंतवाडीकरांस वेंगुर्ले सोडावे लागले. कारण दाखविण्यात आले ते चाचेगिरीचेच. १६ एप्रिल १८५६ रोजी पॅरिस येथे युरोपीय सत्तांनी सनदी लूट कायमची बंद केल्याचे घोषणापत्र काढले. विजयदुर्गाचे आरमार जळून तेव्हा शंभर वर्षे आणि दोन महिने झाले होते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी त्यावर सही केली नाही. आमचे नौदल लहान आहे, खासगी गलबतांवाचून आम्ही लढावे कशाने, असा त्यांचा सवाल होता. कुलाब्याचे संस्थान त्यापूर्वीच खालसा झालेले होते, आणि नागपूरचे राज्य १८५४ मध्ये.